समाधानाचे मोजमाप

विद्यापीठ म्हटले की ग्रंथालये, प्रयोगशाळा व नामवंत अध्यापक आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. परंतु विद्यार्थ्याचा विद्यापीठाशी थेट संबंध येतो तो बहुधा कचेरीच्या खिडकीपाशी. गुणपत्रिका, पदवी-प्रमाणपत्र वा नावातील दुरुस्ती यांच्या निमित्ताने. तेथील सेवेने त्याचे समाधान झाले की नाही, हे कसे मोजावे, एवढ्याच प्रश्नाचा येथे विचार करावयाचा आहे.

सीमाभागात या प्रश्नाला विशेष धार आहे. निपाणीलगतच्या अर्जुननगर येथील देवचंद महाविद्यालय महाराष्ट्रात मोडते व कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाशी संलग्न आहे. खुद्द निपाणीतील महाविद्यालये पूर्वी धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती. २०१० साली बेळगावी राणी चन्नम्मा विद्यापीठ स्थापन झाल्यावर ती तिकडे आली. साहजिकच एका घरातील दोन भावंडांना दोन राज्यांतील कचेऱ्यांची पायरी चढावी लागते. एका विद्यापीठातून दुसऱ्यात जाताना मायग्रेशन सर्टिफिकेट लागते. ते मुदतीत हाती न पडल्यास प्रवेश धोक्यात येतो.

समाधान ही मनाची अवस्था. तिला माप कसे लावावे? परशुरामन, झाइटहॅमल व बेरी या अमेरिकेतील अभ्यासकांनी १९८८ साली ‘सर्व्हक्वाल’ ही प्रश्नावली मांडली. तीत २२ विधानांवर दोनदा मत घेतात : अपेक्षा काय होती आणि अनुभव काय आला. या दोहोंतील अंतर म्हणजे सेवेतील उणीव. जागा व साधने, शब्द पाळणे, तत्परता, विश्वास वाटावा असे ज्ञान व सौजन्य, आणि आपुलकी अशी तिची पाच अंगे आहेत.

मात्र यात एक मेख आहे. चार खेपांची तयारी ठेवून आलेल्याचे काम तिसऱ्या खेपेस झाले, तर तोही ‘समाधानी’ असे लिहून देईल. अपेक्षाच खालावली की अंतर मिटते. सेवा होती तेथेच राहते. शिवाय काम झालेल्यांनाच विचारले, तर कंटाळून परतलेला मोजणीत येतच नाही. आणि प्रश्नावली पालकाला न वाचता येणाऱ्या भाषेत असेल, तर उत्तराच्या जागी नुसती सही मिळते.

म्हणून मताच्या जोडीला मोजता येण्याजोग्या गोष्टी नोंदवाव्यात : किती दिवस लागले, किती खेपा झाल्या, त्रुटी एकदमच सांगितल्या की एकेक करून. कर्नाटकाच्या २०११ च्या ‘सकाल’ कायद्याचे तत्त्व असेच होते : अर्जाला क्रमांक, कामाला मुदत आणि विलंबाबद्दल दिवसाला २० रुपये, कमाल ५०० रुपये भरपाई. महाराष्ट्रानेही २०१५ साली लोकसेवा हक्क कायदा केला.

निपाणीत विड्या वळणाऱ्या एखाद्या आईला मुलीच्या कागदासाठी कचेरीत जावे लागले, की तिचा एका दिवसाचा रोजगार बुडतो. तो बुडालेला दिवस हिशेबात धरला, तरच समाधानाचे मोजमाप खरे म्हणावे.