मुंबई ते न्यूयॉर्क : अंतर किती, वेळ किती?

आपल्या भागातील मुलेमुली उच्च शिक्षणासाठी व नोकरीसाठी आता परदेशी जाऊ लागली आहेत. तिकीट हाती आले की घरची मंडळी त्यावरील वेळा पाहून गोंधळतात. समजा, जानेवारीत विमान मुंबईहून रात्री १.३० वाजता सुटते व त्याच तारखेला सकाळी ७ वाजता न्यूयॉर्कला पोहोचते. मग अमेरिका साडेपाच तासांवर आली की काय?

तसे नाही. तिकिटावरील प्रत्येक वेळ त्या त्या गावच्या घड्याळाची असते. न्यूयॉर्कचे घड्याळ हिवाळ्यात आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे असते. उन्हाळ्यात तेथे घड्याळ एक तास पुढे करतात, म्हणून फरक साडेनऊ तासांचा होतो. जाताना हा फरक मिळवावा : साडेपाच अधिक साडेदहा, म्हणजे प्रवास सोळा तासांचा. येताना तो वजा करावा. न्यूयॉर्कहून दुपारी १२ ला निघालेले विमान मुंबईत दुसऱ्या दिवशी दुपारी १ ला उतरले, तर पंचवीस उणे साडेदहा, म्हणजे साडेचौदा तास.

आता अंतर पाहू. पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, तर तो सरळ पश्चिमेकडे न जाता उत्तरेकडे, आइसलँडच्या अक्षांशापर्यंत चढून खाली उतरतो. हाच जवळचा मार्ग; तो सुमारे १२,५०० किलोमीटर भरतो. मूर्तिजापूर-मुंबई रेल्वेमार्गाच्या हे वीस पट झाले. विमानाचा वेग ताशी ९०० किलोमीटर धरला तर चौदा तास पुरावेत. आपल्या शकुंतलेला अचलपूरचे ७६ किलोमीटर कापायला सुमारे चार तास लागत, तेवढ्यात हे विमान ३,६०० किलोमीटर जाते!

मात्र उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचे वारे वाहतात. ते जाताना अडवतात, येताना ढकलतात. शिवाय दोऱ्याचा मार्ग नेहमी मोकळा नसतो. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश भारतीय विमानांना बंद केले, तेव्हा त्यांना लांबचा वळसा घ्यावा लागला. म्हणून केवळ किलोमीटरवरून वेळ ठरत नाही.

पूज्य बाबासाहेब जुलै १९१३ मध्ये कोलंबिया विद्यापीठात शिकण्यासाठी न्यूयॉर्कला पोहोचले, ते बोटीने. त्या प्रवासाला कित्येक आठवडे लागत. एअर इंडियाची न्यूयॉर्क सेवा १९६० साली लंडनमार्गे सुरू झाली. आज वाटेत न थांबता जाता येते.

पालकांनी एवढे ध्यानात ठेवावे. मूर्तिजापूरहून मुंबईचा रेल्वेप्रवास रात्रभराचा आहे व विमानतळावर तीन तास आधी पोहोचावे लागते. म्हणून मध्ये एक दिवस हाताशी ठेवावा. रात्री १.३० चे विमान असेल तर आदल्या संध्याकाळीच विमानतळ गाठायचा असतो, ही तारीख अनेकांची चुकते. आणि वर दिलेल्या विमानाने लेकरू गेले असेल, तर ते उतरेल तेव्हा आपल्याकडे सायंकाळचे साडेपाच वाजलेले असतील. त्यानंतर सामान व तपासणीलाही वेळ जातो. तोवर फोन आला नाही म्हणून घाबरून जाऊ नये.