सांगलीत बांधलं, साताऱ्यात अडलं: कंपायलरला किती मोकळीक द्यायची?

मागच्या व्याख्यानात आपण सोर्स उतरवून घेण्यापर्यंत आलो होतो. आज 'मेक' म्हणण्याआधीचा प्रश्न.

आमचाच किस्सा सांगतो. कृष्णाकाठच्या पुराचे नकाशे करायला आम्ही सांगलीतल्या नव्या संगणकावर क्यूजीआयएस सोर्समधून बांधलं आणि हौसेनं '-मार्च=नेटिव्ह' लावलं. तेच फोल्डर साताऱ्यातल्या जुन्या यंत्रावर नेलं, तर खिडकी उघडायच्या आत 'इल्लीगल इन्स्ट्रक्शन' म्हणून बंद! नेटिव्ह म्हणजे ज्या प्रोसेसरवर बांधतोय, त्याला येणाऱ्या सगळ्या सूचना वापरायची परवानगी. सांगलीच्या यंत्रात एव्हीएक्स२ होतं. इंटेलनं ते २०१३च्या हॅसवेलपासून दिलं. साताऱ्याचं यंत्र त्याआधीचं.

दुसरी चूक जास्त लबाड आहे. कॉन्फिगर पद्धतीच्या सॉफ्टवेअरला काहीच सांगितलं नाही, तर जीसीसीसाठी सहसा '-जी -ओ२' मिळतं. पण सीफ्लॅग्जमध्ये तुम्ही फक्त '-मार्च=नेटिव्ह' लिहिलंत, की ते मूळचं पुसलं जातं आणि सगळं ओ० वर बांधलं जातं. वेग वाढवायला गेलो, बैलगाडी झाली. सीमेकमध्ये बिल्ड टाइप रिकामा सोडला आणि प्रकल्पानंही काही ठरवलेलं नसेल, तर तेच.

ओ३ बद्दल फार बोलत नाही. डेस्कटॉप सॉफ्टवेअर बराच वेळ डिस्कची नाहीतर तुमच्या क्लिकची वाट बघत असतं. तिथं ओ३ काय करणार? शिवाय २०२२च्या जीसीसी १२ पासून ओ२ सुद्धा काही लूप व्हेक्टराइझ करतं.

खरी भीती '-एफफास्ट-मॅथ'ची. उंचीच्या रास्टरमध्ये जिथं माहिती नाही, तिथं पुष्कळदा 'नॅन' भरलेलं असतं. फास्ट-मॅथ लावलं की कंपायलर गृहीत धरतो, नॅन येणारच नाही. मग 'हे नॅन आहे का?' ही तपासणीच तो काढून टाकू शकतो. प्रोग्राम बंद पडत नाही, मुकाट्यानं चुकीचं उत्तर देतो. आयर्विन पुलापाशी पाणी ४५ फुटांवर गेलं तर कोणती गल्ली बुडेल, हे ज्या नकाशावरून बघायचं, त्यात हा धोका कशाला घ्यायचा? पहिल्या किस्स्यातलं यंत्र निदान ओरडलं तरी!

आता आम्ही दोन्हीकडे चालणारं बांधताना साधं ओ२ ठेवतो, मार्च लावत नाही. एकाच यंत्रापुरतं असेल तर नेटिव्ह, तेही ओ२ सोबत लिहून. आणि मोजतो: तोच नकाशा चार वेळा उघडायचा, पहिलं माप सोडून द्यायचं, कारण त्यात डिस्कचा वेळ मिसळलेला असतो.