हरणाऱ्या संघाला कोच कसा मिळतो? मुंबई सिटीचे दोन धडे

संघ हरला की पहिली आरोळी उठते, 'कोच बदला!' पण कोणाला आणायचं? आपल्या मुंबई सिटी एफसीचा इतिहास बघा.

🔵 धडा १: नावापेक्षा अनुभव
२०१४ मध्ये पीटर रीड कोच होते. लीगच्या आठ संघांत सातवा नंबर. २०१५ मध्ये निकोलस अनेल्का खेळाडू आणि कोच दोन्ही. सहावा नंबर, शिवाय गोव्याकडून ०-७ असा दारुण पराभव. २०१६ साठी क्लबने अलेक्झांडर गिमाराइश यांना आणलं. कोस्टा रिकाला २००२ आणि २००६ च्या वर्ल्ड कपमध्ये नेणारा माणूस! आधी बचाव घट्ट केला आणि संघ थेट गुणतक्त्यात पहिला आला. सेमीफायनलमध्ये मात्र कोलकात्याने अडवलं.

🔵 धडा २: कोचसोबत त्याची माणसं
२०१९-२० मध्ये संघ पाचवा, प्लेऑफ हुकला. जॉर्ज कोस्टा गेले, सर्जियो लोबेरा आले. त्यांच्या पाठोपाठ त्यांच्याच आधीच्या गोवा संघातून जाहू, फॉल, बुमूस आणि आपला मंदार राव देसाईही आले. कोचची पद्धत अंगवळणी पडलेले खेळाडू पहिल्या दिवसापासून हाताशी होते. पुढच्याच मोसमात लीग शील्ड आणि चषक, दोन्ही मुंबईचे! १३ मार्च २०२१ च्या फायनलमध्ये बिपिन सिंगने शेवटच्या मिनिटाला विजयी गोल केला.

म्हणून कोच निवडताना आधी विचारा: संघाचं नेमकं दुखणं काय? बचाव, मधली फळी की गोल? त्यावर काम केलेला माणूस शोधा, आणि त्याला हवे ते खेळाडू द्या.

तुमच्या मते मुंबईचा सर्वोत्तम कोच कोण? कमेंटमध्ये कारणासकट सांगा! ⚽