विटकी साडी आणि मळकट साडी

आपल्या वस्तीतली मुले-मुली आता कथा-कविता लिहू लागली आहेत. रविवारच्या अभ्यासवर्गात त्यांच्या वह्या आमच्या हाती येतात. आम्ही वाणिज्य शाखेचे, दिवसभर आकडेमोड करणारे कारकून. साहित्याचे पंडित नव्हे. तरीही एक गोष्ट डोळ्यांत भरते. आनंदाच्या प्रसंगी आकाश निळे, ओढणी गुलाबी. दुःख आले की सगळे एकदम राखाडी! फिका रंग काय फक्त रडण्यासाठीच असतो?

बालकवींची 'औदुंबर' कविता अनेकांनी शाळेत पाठ केली असेल. अवघ्या आठ ओळी. सुरुवातीला हिरवळ आहे, झऱ्याचा निळा रंग आहे; पण तोही निव्वळ निळा नाही, त्यात सावळा मिसळलेला. पुढे पांढरी वाट काळ्या डोहाकडे जाते आणि पाण्यावर काळोखी पसरते. ज्या झाडाची ही कविता, त्याला मात्र कवीने रंगच दिलेला नाही. 'उदास' हा शब्द कोठेही नाही, तरी वाचणारा गप्प होतो. रंग असा हळूहळू उतरवावा लागतो.

मराठीत मंद रंगांना तोटा नाही आणि त्यांची नावे आपल्याच घरातली आहेत. राखाडी चुलीतल्या राखेवरून, तपकिरी म्हाताऱ्यांच्या तपकिरीच्या डबीवरून, मातकट मातीवरून. काळपट, पिवळट, तांबूस, भुरकट हे आणखी वेगळे. कापडाच्या दुकानात आपण 'मळखाऊ रंग दाखवा' म्हणतो. या एका शब्दात रंग आला, घेणाऱ्याचे काम आले आणि साबणाचा खर्चसुद्धा आला!

आपल्या नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांवर मुलांना निबंध लिहायला सांगितला, तर बहुतेक जण 'काळा दगड' लिहून मोकळे होतात. तोच दगड उन्हाळ्यात राखेसारखा दिसतो, पावसात निळसर काळा होतो, ओल धरलेल्या जागी शेवाळी. पायऱ्या चढून गेलेल्या माणसाने कोणत्या महिन्यात काय पाहिले, हे रंगावरून कळायला हवे.

पण खरी जोखीम माणसांच्या वर्णनात आहे. झोपडपट्टीतला माणूस आला की पुष्कळ लेखकांची लेखणी सवयीने 'मळकट' लिहिते. 'मळलेला सदरा' म्हटले तर कामावर मळला, संध्याकाळी धुतला जाईल. 'मळकट' म्हटले की मळ त्या माणसालाच चिकटतो. आणि 'विटका' म्हणजे तर धुऊन धुऊन रंग गेलेला. त्यामागे कोणाचे तरी हात असतात. डिसेंबर १९२७ मध्ये महाडला बाबासाहेबांनी बायाबापड्यांना सांगितले होते, की कपड्याला ठिगळे असली तरी हरकत नाही, पण तो स्वच्छ ठेवा. ते ऐकून ज्या घरी गेल्या आणि ज्यांनी लुगडी धुतली, त्यांच्या वर्णनात 'मळकट' कसा बसेल?

आमच्या वर्गातल्या एका मुलीने आईवर लिहिताना तोच शब्द वापरला होता. आई साडी कधी धुते, एवढेच आम्ही विचारले. 'रोज रात्री. दोनच आहेत ना,' ती म्हणाली, आणि पेन मागून घेतले.