हातवारे गेले, मनगट राहिले

मुंबई-गोवा महामार्गावरून मालवणचा रस्ता जेथे फुटतो, त्या कसालच्या तिठ्यावर एस.टी.ची वाट पाहणारी मुले मोबाइलवर खेळत उभी असतात, याचे आता कोणाला नवल वाटत नाही. परंतु त्यांच्या हातांकडे क्षणभर निरखून पाहिले, तर एक गोष्ट ध्यानात येते. अंगठे पडद्यावर फिरत असतातच. शिवाय सबंध फोन किंचित कलतो, तसूभर उचलला जातो आणि पुन्हा स्थिरावतो. ‘बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया’सारख्या खेळात बंदूक झाडताना वर उसळणारा नेम मनगटाच्या कलाने आवरण्याची ही रीत आहे. ज्या तंत्राचे और्ध्वदेहिक जाणत्या खेळाडूंनी केव्हाच उरकले होते, ते असे मुलांच्या मुठीत जिवंत आहे.

या जाणत्यांचे मत आधी समजून घेतले पाहिजे. नव्वदीच्या दशकात टीव्हीला जोडलेल्या, कॅसेट घालून चालणाऱ्या ‘व्हिडिओ गेम’वर मारिओ खेळून ज्यांनी या छंदात पाऊल टाकले, ते आज चाळिशीत आहेत. कोणी शिक्षक आहेत, कोणी कचेरीत आहेत. शरीराच्या हालचालींनी चालवायच्या खेळांचा विषय निघाला की त्यांचे उत्तर ठरलेले : ती पाहुण्यांपुढे करायची गंमत, खरा खेळ बटणांचा. हे मत निव्वळ जुन्या वळणाच्या हट्टातून आलेले नाही.

निन्टेन्डो या जपानी कंपनीने २००६ मध्ये ‘वी’ नावाचे यंत्र बाजारात आणले. पांढरी कांडी हातात धरून ती टेनिसच्या रॅकेटीसारखी हवेत फिरवायची, की पडद्यावरचा खेळाडू चेंडू टोलवी. आजीपासून नातवापर्यंत सारे खेळू लागले आणि दहा कोटींहून अधिक यंत्रे खपली. हे यश पाहून २०१० मध्ये सोनीने ‘मूव्ह’ आणि मायक्रोसॉफ्टने ‘किनेक्ट’ आणले. किनेक्टने तर कांडीही काढून टाकली. त्याचा कॅमेराच माणसाचे हातपाय ओळखे. पहिल्या साठ दिवसांत त्याचे ऐंशी लाख नग गेले. पुढे २०१३ मध्ये कंपनीच्या नव्या यंत्राबरोबर किनेक्ट घेणे सक्तीचे झाले, त्यामुळे ते यंत्र प्रतिस्पर्ध्यापेक्षा शंभर डॉलरनी महाग पडले आणि वर्ष पुरे होण्याआधीच सक्ती मागे घ्यावी लागली. २०१७ मध्ये किनेक्टचे उत्पादनच थांबले.

आपल्याकडे ही यंत्रे रुजली नाहीत, त्याला आणखी एक साधे कारण होते. किनेक्टसमोर खेळायचे तर सहा फूट मोकळी जागा हवी. कोकणातला चाकरमानी मुंबईत ज्या खोलीत राहत आला, तेथे रात्री अंथरुणे घालायलाच जागा पुरत नसे. गावच्या घरापुढे खळे ऐसपैस. पण खळ्यात टीव्ही नसतो आणि पावसाळ्यात वीज असेलच असे नाही. अमेरिकेतील दिवाणखाना गृहीत धरून केलेली वस्तू येथे कशी नांदावी?

तथापि दिवाणखाने असलेल्या देशांतही हा खेळ फिका पडला. पहिल्या ‘वी’च्या कांडीत होता तो त्वरणमापक. हाताला झटका बसला एवढे त्याला कळे. हात कसा व किती वळला, हे धड कळत नसे. त्यामुळे थोड्याच दिवसांत लोकांनी शोध लावला, की टेनिसचा फटका मारायला उभे राहण्याची गरजच नाही. खुर्चीत रेलून मनगटाला हिसका दिला तरी तोच फटका बसतो. वळण मोजणारा जायरोस्कोप २००९ मध्ये वेगळा जोड म्हणून आला. किनेक्टची अडचण निराळी. त्याच्यापर्यंत आज्ञा पोहोचायला विलंब लागे, आणि हवेत मारलेल्या तलवारीला ढालीचा अडसर कधीच लागत नसे. लगोरीचा चेंडू पाठीत बसतो, विटी दांड्यावर आली की हाताला झिणझिण्या येतात. शरीराला खेळ कळतो तो या प्रतिकारातून. त्याविना केलेले हातवारे म्हणजे कवायत. येथवर चाळिशीतल्या खेळाडूंचा आक्षेप सोळा आणे खरा आहे.

चूक होते ती पुढच्या पायरीवर. हालचालच निरुपयोगी ठरली असे ते मानतात. वस्तुतः निरुपयोगी ठरली ती मोठी हालचाल. हा भेद समजण्यासाठी दूर जायला नको. कसालहून कुडाळ ओलांडले की पिंगुळी लागते. तेथील ठाकर समाजाने कळसूत्री बाहुल्यांची आणि चामड्याच्या छायाबाहुल्यांची कला पिढ्यान्‌पिढ्या राखली. त्या कार्यासाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. बाहुली नाचते, थयथयाट करते, युद्धाला उभी राहते. तिला खेळवणाऱ्याचा हात मात्र थोडकाच हलतो, आणि बाहुलीचे वजन दोरी त्याच्या बोटांना सतत सांगत असते. सूत्रधाराने स्वतः उड्या मारल्या असत्या, तर बाहुली नाचली नसती.

मोबाइलने नेमके हेच साधले. फोनमध्ये जायरोस्कोप प्रथम आला तो २०१० मध्ये, ‘आयफोन ४’मध्ये, म्हणजे किनेक्ट आले त्याच वर्षी. नखाहून लहान चकतीतले सूक्ष्म भाग सतत कंप पावत असतात, आणि फोन वळला की त्या कंपनात पडणाऱ्या फरकावरून वळण मोजले जाते. निन्टेन्डोनेही २०१५ च्या ‘स्प्लॅटून’मध्ये आणि २०१७ च्या ‘स्विच’ यंत्रात नेम धरण्यासाठी हाच मार्ग ठेवला. त्याच स्विचवर २०२० मध्ये पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या संस्थेचा ‘राजी’ आला. त्यातील कथाभाग छायाबाहुल्यांच्या रूपात सांगितला आहे, हा योग पिंगुळीच्या शेजाऱ्यांनी ध्यानात ठेवण्याजोगा.

घरातील वडीलधाऱ्यांना यात कौशल्य दिसणे कठीण, कारण त्यांच्या लेखी मोबाइलवरचा प्रत्येक खेळ जुगाराच्या पंक्तीतला. संसदेच्या २०२५ च्या कायद्याने तरी हा घोळ मिटावा : पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर त्याने बंदी घातली आणि ई-क्रीडेला मान्यता दिली. त्याआधी २०२३ मध्ये हांगझोऊच्या आशियाई क्रीडास्पर्धेत तिला पदकेही होती. मुलगा अभ्यास टाकून खेळतो ही तक्रार खरी असू शकेल. पण ती निराळी.

खरा अन्याय आहे तो अन्यत्र, आणि त्याची चर्चा होत नाही. पडदा आडवा-उभा होण्यासाठी लागणारा त्वरणमापक स्वस्तातल्या फोनमध्येही असतो. जायरोस्कोप मात्र खर्च वाचवण्यासाठी पुष्कळदा गाळलेला असतो. बटणांच्या जमान्यात दोघे खेळायला बसले, की दोघांच्या हाती सारखीच बटणे असत. आता एकाच वर्गातली दोन मुले एकाच सामन्यात उतरतात, तेव्हा एकाजवळ अंगठा आणि मनगट दोन्ही असतात, दुसऱ्याजवळ नुसता अंगठा. फोन घेताना बाप कॅमेरा विचारतो, बॅटरी विचारतो. दुकानदारही तेवढेच सांगतो. जायरोस्कोप आहे की नाही, हे कित्येकदा मुलाला घरी येऊन खेळ सुरू केल्यावर कळते, आणि तोवर फोनचे हप्ते बांधले गेलेले असतात.