धूम्रशोधक यंत्रणेतील संक्षारण

कोळशाच्या भट्टीतील धूर निर्मळ करण्यासाठी उभारलेली यंत्रणा पुष्कळदा त्या धुराच्याच भक्ष्यस्थानी पडते. हा दोष सर्वस्वी सल्फर डाय-ऑक्साइडचा, अशी सामान्य समजूत आहे. ती अपुरी होय. कोरड्या भागांत खरा अपाय करतो तो सल्फर ट्राय-ऑक्साइड. धुरात त्याचे प्रमाण दशलक्षांत काही थोडे भाग एवढेच. परंतु पाण्याच्या वाफेशी संयोग पावून त्याचे सल्फ्युरिक आम्ल बनते, आणि या आम्लाचा दवबिंदू साधारणतः १२० ते १५० अंश सेल्सिअस असतो. म्हणजे बाहेरून हाताला चटका देणारा पोलादी पत्रा आतून आम्लाने भिजलेला असू शकतो!

यावरून पुष्कळशा बिघाडांचा उलगडा होतो. पिशव्यांची गाळणी असो वा विद्युत्-अवक्षेपक असो, पत्रा प्रथम झिजतो तो बहुधा कोपऱ्यांत, दारांच्या कडांशी व आधारखांबांच्या जोडाजवळ. तेथून उष्णता बाहेर निसटते किंवा फटीतून थंड हवा आत शिरते. अशा ठिकाणी पत्रा जाड करणे हा उपाय नव्हे. त्याने केवळ विलंब साधतो. उष्णतारोधक आवरण अखंड ठेवणे आणि भट्टी वरचेवर थंड न होऊ देणे अधिक हितावह.

ओल्या शोधकांत प्रश्न निराळा. तेथे उष्ण धूर प्रथम फवाऱ्यास भिडतो त्या सीमेवर द्रव पुनःपुन्हा आटतो आणि क्लोराइडे व आम्ल साचून तीव्र होतात. २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असलेल्या ३१६ एल जातीच्या निष्कलंक पोलादालाही येथे खळगे पडतात. मग सुमारे १६ टक्के मॉलिब्डेनमच्या सी-२७६ या निकेल-मिश्रधातूकडे वळावे लागते. समुद्राच्या पाण्यात तर लिटरमागे सुमारे १९ ग्रॅम क्लोराइड असते. तुर्भे (ट्रॉम्बे) आणि डहाणू येथील वीजकेंद्रांत धूर अशाच पाण्याने धुण्याची योजना झाली, हे आपल्याकडील अभ्यासकांनी ध्यानी घ्यावे.

मिश्रधातू महाग, म्हणून पोलादावर रबराचे वा काचपापुद्रायुक्त रेझिनचे अस्तर देतात. ते उत्तम टिकते, पण उष्णतेपुढे दुबळे. पाण्याचा पंप बंद पडून उष्ण धूर थेट आत आला, तर अल्पावधीत अस्तर भाजून सुटते. यासाठी स्वतंत्र टाकीतून आपोआप सुरू होणारा राखीव फवारा हवाच. अस्तरातील सूक्ष्म छिद्रे डोळ्यांना दिसत नाहीत. ती उच्च दाबाच्या विद्युत्-ठिणगीने तपासावी लागतात, आणि ही तपासणी शोधकात पाणी सोडण्यापूर्वीच उरकावी.