बॅटरी बसली म्हणजे गाडी संपली?

विजेवरची जुनी मोटार शेडमध्ये काही वर्षं धूळ खात पडली की तिच्यावर एकच शेरा बसतो : भंगार. जोडीला दुसरा समज असतो, की ही वाहनं कालपरवाची, त्यांतलं आपल्याकडे कोणाला काय कळणार! वास्तविक बंगळुरूची ‘रेवा’ २००१ मध्ये बाजारात आली, आणि त्याच सुमारास सातारा जिल्ह्यात फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत अनिल राजवंशी यांनी ‘इलेक्शा’ ही बॅटरीवरची रिक्षा विकसित केली. दोन्हींत लेड-अ‍ॅसिड बॅटऱ्या होत्या, आणि गाडी ‘मेल्याचं’ कारणही बहुधा तिथेच सापडतं.

रेवात सीटखाली सहा व्होल्टच्या आठ बॅटऱ्या एकामागोमाग जोडलेल्या, एकूण ४८ व्होल्ट. उतरलेल्या अवस्थेत त्या पडून राहिल्या की प्लेटांवर लेड सल्फेट घट्ट धरतं आणि कितीही चार्ज केलं तरी बॅटरी भार पेलत नाही. इथे मीटर फसवतो. नुसती मोजली तर बॅटरी सहाच्या वर दाखवते आणि गाडी हलताच कोसळते, म्हणून आठही भाराखाली वेगवेगळ्या मोजाव्या लागतात. एखादीच बदलून भागवू, हा हिशेब आतबट्ट्याचा. जुन्यांच्या संगतीत नवीही लवकर बसते. स्टार्टरची बॅटरीही चालत नाही, ती क्षणभर जोर देण्यासाठी असते. ४८ व्होल्टला काय घाबरायचं, हे तर सर्वांत घातक. शॉक फारसा बसत नाही, पण पाना दोन टर्मिनलांवर आडवा पडला तर जागच्या जागी वितळू लागतो. अंगठी काढून ठेवलेली बरी.

बाकी गाडीचं काय? बॉडी प्लास्टिकची, गंजत नाही. पण आतली चौकट पोलादी आहे, ती तपासायलाच हवी. सांगलीच्या महापुराचं पाणी शिरलेलं असेल तर कंट्रोलर आणि कनेक्टरमधला गाळ मोटरपेक्षा जास्त छळतो. सुरुवातीच्या रेवाची मोटर डीसी, कार्बन ब्रशची. स्टार्टर-डायनॅमो दुरुस्त करणाऱ्याला ती परकी नाही. नंतरच्या ‘रेवा-आय’ची तीन फेजची इंडक्शन मोटर तर विहिरीवरच्या पंपाच्याच जातकुळीतली, आणि कृष्णाकाठी रिवाइंडिंगवाल्यांची वाण नाही. कंट्रोलर मात्र त्यांच्या हातचं काम नव्हे, हे मान्य करायला हवं.

मग सरळ लिथियमच का बसवू नये? बसवता येईल, पण जुना चार्जर लेडच्या हिशेबाने चालतो. तो बदलून सेलवर लक्ष ठेवणारी बीएमएस घालावी लागते, आणि तो बदल आरटीओत मान्य करून घ्यावा लागतो. ‘व्हिंटेज’ म्हणून सवलत मागायचीही सोय नाही, कारण २०२१ च्या नियमांनुसार त्यासाठी पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटावी लागतात. मात्र त्याच वर्षीपासून बॅटरीवरच्या वाहनांना नोंदणी-नूतनीकरणाचं शुल्क माफ आहे. पंधरा वर्षांनंतरची तपासणी चुकत नाही, तेव्हा तिथे नेण्याआधी ब्रेक सोडवून घ्यावेत. उभ्या गाडीत तेच पहिले धरतात.